खिडकीच्या आतली जागा

मागे एका रविवारी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आमच्या घराजवळच्या अभ्यासिकेत चर्चा ठेवली होती. विषय, ‘सरकारी नोकरीच हवी कशाला?’ वक्ते दोन, एक निवृत्त अधिकारी आणि दुसरे जवळच्या पावणे गावात कारखाना असलेले उद्योजक. समोर साठ-सत्तर मुलंमुली, बहुतेकांच्या मांडीवर चालू घडामोडींचं मासिक. उद्योजक म्हणाले, मराठी पोराला नोकरीचं व्यसन लागलंय, धंदा आपल्या रक्तातच नाही. अधिकारी म्हणाले, सरकारी नोकरी ही सेवा आहे, नावं ठेवणाऱ्यांनी आठवडाभर तहसील कचेरीत बसून दाखवावं. पुढचा दीड तास रक्त आणि सेवा या दोन शब्दांभोवतीच गेला. टाळ्या दोघांनाही पडल्या, कारण ती पोरं सभ्य होती. मी मागच्या रांगेत होतो आणि मला राहून राहून वाटत होतं की हे दोघंही भलत्याच खटल्यात साक्ष द्यायला उभे राहिलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इथला तरुण सरकारी नोकरीमागे धावतो, कारण त्याला हिशेब येतो. आपल्या भागात दोन गोष्टी कचेरीच्या खिडकीच्या आत कोंडून ठेवल्या आहेत. एक म्हणजे म्हातारपणाची शाश्वती, दुसरी म्हणजे काहीही करायला लागणारी परवानगी. बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे यातलं एकही नाही. मग शहाणा मुलगा काय करेल? आत शिरायचा प्रयत्न करेल. त्याला शिव्या घालून काही होणार नाही, आणि आतल्यांना आळशी म्हणूनही काही होणार नाही. त्या खिडकीचं मोल इतकं का वाढलं, हे विचारायला हवं.

मोल किती वाढलंय ते बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. खुल्या प्रवर्गाला फी हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज होते आणि भर पावसाळ्यात मैदानी चाचण्या चालल्या. म्हणजे सव्वादोनशे अर्जांमागे एक तलाठी आणि शंभरामागे एक शिपाई. उरलेल्यांचं काय होतं? त्यांची दोन, चार, कधी सहा वर्षं जातात. पेपरफुटीच्या बातम्या, कोर्टातली स्थगिती, लांबलेली तारीख, बदललेला अभ्यासक्रम, यांत वयाची तिशी कधी उलटते कळत नाही. या काळात मुलगा कागदोपत्री बेरोजगार असतो. खरं म्हणजे तो पूर्णवेळ काम करत असतो, फक्त त्या कामाचा कुणाला काही उपयोग नसतो.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते मी मनापासून मान्य करतो, कारण मी त्याच भाकरीवर वाढलो. माझे वडील सीबीडीला कोकण भवनात लिपिक होते. गावाला आमची दोन एकर जमीन आणि तीन भाऊ. तो पगार नसता तर मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला नसता आणि बहिणीचं शिक्षण दहावीलाच थांबलं असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरी ही नुसती नोकरी कधीच नव्हती. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की लेखणी ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात. त्याआधी जोतीराव फुल्यांनी कुळकर्ण्याच्या लेखणीचा मार किती लागतो ते सांगितलंच होतं. आजही खासगी कंपनीत आरक्षण नाही, मुलाखतीला आडनाव विचारलं जातं आणि बाळंतपणाची रजा मागितली की बाईच्या जागी दुसरी बाई येते. अशा वेळी ज्या घरात पहिलाच पदवीधर आहे त्याला ‘स्टार्टअप काढ’ म्हणणं ही थट्टा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत येऊन थांबला, तेव्हा एपीएमसीच्या आवारात झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. पायाला फोड आलेले. ती माणसं व्यसनी नव्हती.

पण शिडी योग्य आहे म्हणून तिच्या पायऱ्या वाढत नाहीत. शाहू महाराजांच्या काळात शिकलेले मोजके होते आणि राज्यकारभार पसरत होता. आज शिकलेले लाखो आहेत, आणि मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी ठेवून सरकार कारभार हाकतं आहे. ती सगळी उद्या भरली, आणि भरायलाच हवीत, तरी रांगेतले बहुतेक जण रांगेतच राहतील. शाहू महाराजांनी तरी नुसत्या नोकऱ्या दिल्या का? त्यांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, कापडाची गिरणी उभी केली. त्यांच्या नावाने भाषण करणारे हा अर्धा भाग गाळतात.

दुसरा आक्षेप नवी मुंबईचाच दाखला देतो. कचेरीला नावं ठेवता, पण हे शहर कुणी उभं केलं? बरोबर आहे. मार्च १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली नसती, तर खाडीच्या या बाजूला मुंब्रा-दिव्यासारखीच दाटी झाली असती. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये आली ती दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला म्हणून. पावसाचं पाणी धरून ठेवणारे तलाव, रुंद रस्ते, पालिकेच्या मालकीचं मोरबे धरण, यातलं काही बाजाराने आपणहून दिलं नसतं. आणि नियमच नसले तर काय होतं, हे ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याने दाखवलं. लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. तेव्हा ‘सरकार हटवा, सगळं सुटेल’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. फक्त एक आठवण करून देतो. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर ठाणे पालिकेचे अधिकारीही होते. नियमांचं जंगल आणि नियमांचा दुष्काळ हे शेजारी-शेजारी नांदतात. सरळ माणसाला परवानगीसाठी वर्ष लागतं, वाकड्याला ती लागतच नाही.

खरा गुंता जमिनीचा आहे आणि तिथे मला थोडं थांबायचं आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. इथला आगरी-कोळी माणूस त्याआधी कुणाच्या दारात नोकरी मागायला जात नव्हता. भातशेती, मिठागर, मासेमारी, खाडीची कोलिम, म्हणजे बारीक कोळंबी. श्रीमंती नव्हती, पण कुणाची सही लागत नव्हती. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात एक आश्वासन आलं, घरटी एक नोकरी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या रक्तातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. देशभर तिचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण आश्वासनाची भाषा नीट ऐका. जमिनीच्या मालकाला आपण काय देऊ केलं? अर्ज करण्याचा हक्क. एका पिढीत राबणारा माणूस अर्जदार झाला. त्याच्या पोरांनी वाढत्या कुटुंबासाठी स्वतःच्याच गावात खोल्या चढवल्या, तर त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असं नाव मिळालं आणि ती नियमित करण्याचं गाजर दर निवडणुकीला नव्याने दाखवलं जातं. ज्याने शहराला जमीन दिली तोच शहराच्या दप्तरात अनधिकृत ठरला!

बाहेरून आलेल्या आम्ही तरी काय मिळवलं? सिडकोच्या भूखंडावरचा फ्लॅट म्हणजे साठ वर्षांचा भाडेपट्टा. घर विकायचं तर सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क. एमआयडीसीचा गाळा असेल तर पट्टा पंच्याण्णव वर्षांचा, पण तिथेही हस्तांतरणाला पैसे मोजा. पट्टे वाढवण्याच्या आणि मालकी देण्याच्या घोषणा झाल्या, होत आहेत. पण मूळ नातं बदललं का? कोकणातल्या वाचकाला हे नातं चांगलं ओळखीचं आहे. खोत, म्हणजे गावचा जमीनदार, आणि त्याची जमीन कसणारं कूळ. कूळ राबायचं, घर बांधायचं, झाडं लावायचं, आणि प्रत्येक वळणावर खोताच्या ओटीवर उभं राहायचं. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, पण खोतापुढे वाकले नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. वीस-एकवीस वर्षांनी त्याच किनारपट्टीवर एक नवा मालक बसला. तो जुलमी नव्हता, शिकलेला होता, नकाशे सुंदर काढायचा. पण जमिनीचा एकमेव मालक, एकमेव नियोजक आणि एकमेव विक्रेता तोच. सगळ्या वाटा एका ओटीवरून जात असतील तर ओटीवर बसणाऱ्याचं मोल वाढणार नाही तर काय होणार?

नव्या शहरात राज्याचा कारभार हलवावा अशी मूळ आखणाऱ्यांची इच्छा होती. तसं झालं नाही, नरिमन पॉइंटला भराव घालून कचेऱ्या तिकडेच वाढल्या. मंत्रालय इकडे आलं नाही, मंत्रालयाची सवय तेवढी आली.

ती सवय कशी दिसते? माझं रबाळ्याला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. शेजारचा गाळा घेतला तेव्हा एका कार्यालयात हस्तांतरणाचा अर्ज टाकला. सात महिने गेले. त्रुटीचं पत्र तीनदा आलं आणि प्रत्येक वेळी त्रुटी नवी होती. एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल ‘पुट अप’ व्हायची राहिलेली, एकदा आवक क्रमांकच सापडेना. कुणी पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण लाचेची गोष्ट सांगितली की लोकांना सगळं समजल्यासारखं वाटतं. लाच नसतानाही सात महिने लागले. शेवटी काम झालं ते लायझनिंग करणाऱ्या एका गृहस्थांमुळे. त्यांनी काय केलं? कुठला कागद कुठल्या कागदावर ठेवायचा ते त्यांना माहीत होतं. हुशार, मेहनती माणूस, दिवसाला दहा कार्यालयं फिरतो. या माणसाने काहीतरी बनवलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं. पण बनवण्यापेक्षा खिडकीची वाट दाखवण्यात जास्त कमाई आहे, आणि तो काही वेडा नाही. तिकडे आमच्या इंडस्ट्रीयल एरियातला रस्ता खचला की तो एमआयडीसीचा की पालिकेचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालत आले. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन मे २०११ चं, पहिली गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. अकरा किलोमीटर. त्यावर आणखी काय बोलायचं?

‘धंदा आपल्या रक्तात नाही’ हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधले मास्तर. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली, बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर बनवले आणि ते खपायला दोन वर्षं लागली. हा भाग भाषणांत येतो. पुढचा येत नाही. बेळगावातली जागा नगरपालिकेच्या विस्तारापायी त्यांना सोडावी लागली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, पैसे दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका कचेरीने उठवलं, एका राजाने बसवलं. रक्त तेच होतं ना? फरक जमिनीच्या अटींचा होता. आज ठाण्यात वागळे इस्टेटमधून फिरा, पोखरण रोडला जा. जिथे रेमंडची गिरणी होती तिथे टॉवर उभे आहेत. जमिनीच्या वापराचा शेरा बदलला की चाळीस वर्षांच्या उत्पादनापेक्षा जास्त पैसा एका सहीत मिळतो. अशा ठिकाणी लेथवर उभं राहणारा माणूस मूर्खच ठरतो आणि त्याच्या पोराला ते बरोबर दिसत असतं.

मग शाश्वतीचं काय? सरकारने यावर एक उत्तर शोधलं होतं, आत असलेल्यांचीच शाश्वती काढून घ्यायची. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. आमच्या उद्योजक वक्त्यांना तो निर्णय फार आवडला होता. मला तो पायावर कुऱ्हाड मारण्यासारखा वाटतो. कायम जागा जितक्या कमी कराल तितकी उरलेल्या जागांची किंमत वाढेल, क्लास जास्त चालतील, पेपर जास्त महाग फुटतील. शहरात पहाटे कचरा उचलणारे हजारो हात ठेकेदाराच्या रजिस्टरवर आहेत. त्यांनी काम कमी केलं का? मग त्यांचा मुलगा ठेकेदारी नोकरीचा तिरस्कार करत मोठा झाला यात नवल काय? मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, तेव्हा आमच्या सोसायटीत चीड उसळली होती, यांना पेन्शन आणि आम्हाला काय? प्रश्न अचूक होता, पण रोख चुकला. वागळेतल्या कंपनीत पस्तीस वर्षं घाम गाळणाऱ्याला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन किती मिळते? पगाराच्या पंधरा हजारांच्या मर्यादेवर हिशेब केला तर जास्तीत जास्त साडेसात हजार, आणि किमान म्हणाल तर २०१४ पासून हजार रुपये. हजार! गॅस सिलिंडर भरला की संपले. शिपायाची पेन्शन काढून घेऊन फिटरचे हजाराचे दोन हजार होणार आहेत का?

कचेरीबाहेरही शाश्वती निर्माण करता येते, हे आपल्याच भागाने दाखवलंय. कोपरखैरणे-घणसोलीत राहणाऱ्या कुणालाही माथाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचा मालक रोज बदलतो, त्याला कायम कोण करणार? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर अक्कलहुशारीचा तोडगा काढला. हमाल आणि व्यापारी दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरीवर व्यापाऱ्याने लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मालक कितीही बदलला तरी हक्क माणसाबरोबर फिरतो. हमाल सरकारी नोकर झाला नाही आणि वाऱ्यावरही राहिला नाही. ही मंडळंही पुढे कचेऱ्यांसारखी झाली, माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी विधिमंडळापर्यंत गेल्या आणि माझ्याही दारात असे लोक येऊन गेलेत. तरीही कल्पना मोठी होती. तिला पोती सोडून इतर कामांकडे नेण्याऐवजी आपण ती बाजारपेठेतच सडू दिली. २२ मार्च १९८२ ला याच अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं आयुष्य संपवलं. हमालाला कचेरीबाहेर सन्मान मिळवून देणारा नेता आयुष्याच्या शेवटी कचेरीच्या दाराशी गेला. त्याला तसं का वाटलं असेल, याचा विचार नोकरीच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्या दोघांनीही केलेला मला दिसत नाही.

म्हणून मागायचंच तर हे मागा. साठ वर्षांचं कूळपण संपवून घराची आणि गाळ्याची पूर्ण मालकी द्या, प्रत्येक पायरीला शुल्क न लावता. सेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, त्यातली मुदत उलटली की परवानगी मिळाली असं धरा आणि त्रुटी काढायची ती एकदाच, सगळी मिळून. रिकामी पदं कायमस्वरूपी भरा, वेळापत्रक ठरवून. आणि कुठल्याही कामगाराची पेन्शन व दवाखाना त्याच्या मालकाशी न बांधता त्याच्याशी बांधा. यातलं शेवटचं माझ्यासारख्या मालकाला महागात पडेल, हे मला ठाऊक आहे.

चर्चा संपल्यावर अभ्यासिकेबाहेर चहा पिताना एक मुलगा जवळ आला. आयटीआय झालेला, मशिनिस्ट, तीन वर्षं भरतीच्या तयारीत. माझं वर्कशॉप आहे हे त्याला कळलं होतं. ‘काका, तुमच्याकडे जागा आहे का?’ मला खरंच माणूस हवा होता, व्हीएमसीवर. मी पगार सांगितला, तो वाईट नव्हता. त्याने मान डोलावली, ओव्हरटाइमचं विचारलं, शिफ्ट विचारली. मग म्हणाला, ‘पर्मनंट की ठेकेदाराकडून?’

माझे अकरापैकी आठ कामगार ठेकेदाराकडून आहेत. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, सध्या ठेकेदाराकडून, वर्षभराने बघू. तो हसला, अगदी अदबीने, आणि मासिक काखेत मारून परत आत जाऊन बसला.